स्टेअरिंग माझ्या हातात, गाडी कुणाच्या हातात?

मागच्या अंकात मी शेवटी सहज एक ओळ टाकली होती, की गेममधली गाडी चालवताना तुम्हाला सगळ्यात जास्त राग कशाचा येतो ते कळवा. वाटलं होतं चार-पाच पत्रं येतील. आली ती वाचताना दोन दिवस गेले, आणि काही तर इतकी तापलेली होती की छापायची सोय नाही. निवडक घेतलीयत. नावं गाळलीत, गावं ठेवलीत, आणि तक्रारीत जिथे गेमचं नाव होतं तेही काढलंय, कारण रोग एकाच गेमचा नाहीये.

प्रश्न : दादा, मी गेल्या महिन्यात सेलमध्ये एक ओपन वर्ल्ड गेम (अख्ख्या शहरात मोकाट फिरायचा) घेतला, तरी खिशाला चाट बसलीच, आणि आता डोक्याला हात लावून बसलोय. गाडी म्हणजे नुसती साबणाची वडी. ए दाबलं की डावीकडच्या दुकानात, डी दाबलं की उजवीकडच्या खांबावर, मधलं काही नाहीच. मी घरची वॅगन आर दोन वर्षं चालवतोय, पावसात घाटातून नेलीय, एकदाही अशी घसरली नाही. आणि वरून आमचा हिरो गाडीत बसायला गेला की दाराशी जाऊन आधी दोन पावलं मागे येतो, मग जागच्या जागी गरकन वळतो, मग दार उघडतो, तोपर्यंत मागून पोलीस येऊन काम उरकून मोकळे. एकदा गाडी भिंतीला चिकटून लावली होती तर हा बाबा अख्ख्या गाडीला वळसा घालून पलीकडून चढला आणि सीटवरून सरकत सरकत आला. एवढा पैसा ओततात गेमवर, मग साधी गाडी नीट का जमत नाही? (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, चिंचवड)

उत्तर : मित्रा, तुझ्या पत्रात दोन वेगवेगळी भांडणं आहेत, आधी साबणाचं बघू.

तू कीबोर्डवर खेळतोयस. ए हे बटण म्हणजे घरातल्या दिव्याचं बटण, चालू नाहीतर बंद. तुझ्या वॅगन आरचं स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जवळपास तीन-साडेतीन फेरे फिरतं आणि तू हायवेवर लेन बदलताना त्यातलं किती फिरवतोस? बोटभर. गेमला तुझ्याकडून एवढंच कळतं की ए दाबलंय. बोटभर की पूर्ण, हे त्याने अंदाजाने ठरवायचं. म्हणून बहुतेक गेममध्ये ए दाबल्यावर चाकं एकदम वळत नाहीत, हळूहळू वळत जातात, आणि गाडीचा वेग जितका जास्त तितकी चाकं कमी वळू देतात. हा अंदाज नीट जमला तर तुला कळतसुद्धा नाही की मधे कुणीतरी आहे. फसला की साबण. सायबरपंक 2077 हा गेम डिसेंबर 2020 मध्ये आला तेव्हा गाड्यांवरून लोकांनी असंच रान उठवलं होतं, आणि मार्च 2021 च्या 1.2 पॅचमध्ये, म्हणजे गेमच्या दुरुस्तीत, त्यांनी सेटिंगमध्ये स्टेअरिंग सेन्सिटिव्हिटीची वेगळी सरकपट्टी, म्हणजे स्लायडर दिला, म्हणजे गाडी वळते तेवढीच पण वळायला वेळ घेते. एवढ्याशा गोष्टीने बऱ्याच लोकांना गाडी बदलल्यासारखी वाटली. तुझ्या गेममध्ये असा स्लायडर आहे का बघ, कंट्रोल्सच्या पानावर अगदी तळाशी लपवलेला असतो.

आता खरं सांगतो, ते तुला पटणार नाही. तुझी गाडी खोटी आहे म्हणून घसरत नाहीये, बऱ्याचदा ती जास्तच खरी आहे म्हणून घसरते. टायरची पकड कशी असते, तर चाकाचं तोंड एकीकडे आणि चाक जातंय थोडं दुसरीकडे, या दोघांतला जो कोन, तो काही अंशांपर्यंत वाढेपर्यंत पकड वाढत जाते, मग एक माथा येतो आणि त्याच्या पुढे गेलं की पकड सुटायला लागते. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टचे हान्स पासेका म्हणून प्राध्यापक होते, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकात हा चढ-उतार एका सूत्रात बसवला, त्याला नावच मॅजिक फॉर्म्युला पडलं, आणि रेसिंगचे सिम्युलेटर आजही त्याच वाटेने जातात. पण तुझ्या वॅगन आरमध्ये तो माथा जवळ आला हे तुला कशाने कळतं? डोळ्याने नाही. कमरेला कळतं, सीट एका बाजूला खेचते, स्टेअरिंग हलकं पडतं, टायर कुरकुरतात, आणि तुझा पाय तुला न विचारता वर येतो. कीबोर्डवर यातलं काहीही नाही. गाडी सुटली हे तुला कळतं तेव्हा ती सुटून झालेली असते. म्हणजे भौतिकशास्त्र खरं, आणि ते जाणवायचा रस्ताच कापलेला.

म्हणून गेमवाले खोटेपणा करतात आणि मी म्हणतो करावाच. गाडीचं वजन जिथे केंद्रित आहे तो बिंदू मुद्दाम खाली सरकवतात, म्हणजे वळणावर उलटत नाही. चाक म्हणून जे दिसतं ते पुष्कळ गेममध्ये फक्त दिखाऊ असतं, आत प्रत्येक चाकाच्या जागेवरून खाली एक अदृश्य रेघ सोडलेली असते आणि ती जमिनीला कुठे लागते त्यावरून स्प्रिंग दाबायची की सोडायची ते ठरतं. म्हणूनच फुटपाथच्या कडेवर गाडी कधी कधी बेडकासारखी उडते, कारण त्या रेघेला कड दिसतच नाही, एका क्षणी रस्ता आणि दुसऱ्या क्षणी एकदम पाऊणफूट वर फुटपाथ. जीटीए (ग्रँड थेफ्ट ऑटो) सॅन अँड्रियास हा गेम ज्यांनी पीसीवर खेळलाय त्यांना handling ची ती टेक्स्ट फाइल आठवत असेल, प्रत्येक गाडीपुढे वजन, पकड, ब्रेक, वजनाचा बिंदू असे नुसते आकडे, नोटपॅडमध्ये उघडून बदलले की ट्रॅक्टर रेसिंग कार व्हायचा. आम्ही कॉलेजात असताना तेच जास्त केलं, गेम कमी खेळला.

आणि लोकांचं पण काही खरं नाही हां. 2008 च्या जीटीए 4 मध्ये गाड्यांना मऊ सस्पेन्शन होतं, वळणावर गाडी अशी कलायची की ब्रेक आधीपासून लावावा लागायचा. तेव्हा लोक म्हणाले ही काय बोट आहे का. 2013 ला जीटीए 5 आला, गाड्या रस्त्याला चिकटून चालायला लागल्या, हवेत असताना पण वळवता येऊ लागल्या, उलटी पडली तर नुसतं स्टिक हलवून सरळ करता येते, तर आता तेच लोक म्हणतात की चारमध्ये गाडीला वजन होतं राव. मी स्वतः चारवाला आहे, सांगून टाकतो, पण रात्री अकरा वाजता ऑफिसवरून आल्यावर मात्र पाचच लावतो.

आता दाराचं. बसण्याची जी हालचाल दिसते ती आधी बनवून ठेवलेली असते, तिची सुरुवात ठराविक जागेवर आणि ठराविक दिशेला तोंड करून होते. तू धावत तिरका आलास तर हिरोला आधी त्या जागेवर नेऊन उभं करावं लागतं, ती तुझी दोन पावलं मागे आणि ती गिरकी. भिंत आड आली तर दुसऱ्या बाजूची हालचाल निवडायची. इथे निवड अशी आहे की दिसायला छान हवं की हाताला लगेच हवं. रेड डेड रिडेम्प्शन 2 वाल्यांनी छान दिसणं निवडलं, कपाटातला एकेक डबा हात घालून उचलतो तो माणूस, बघायला सुंदर आणि तिसऱ्या कपाटाला जीव नकोसा. तुझ्या गेमचा खरा गुन्हा मला वाटतो की एरवी हिरो माकडासारखा चपळ आहे आणि फक्त दारापाशी त्याला साठी लागते. एकतर सगळीकडे जड ठेवा नाहीतर सगळीकडे हलका.

बाकी तुझ्यापुरतं, एखादा जुना कंट्रोलर मिळाला तर घे, ट्रिगर, म्हणजे त्यावरचं अ‍ॅक्सिलरेटरचं बटण, अर्धं दाबता येतं यानेच निम्मा साबण जाईल. आणि टीव्हीवर खेळत असशील तर टीव्हीचा गेम मोड लाव. ताशी 100 किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास 28 मीटर. टीव्हीने चित्र सजवण्यात सेकंदाचा दहावा भाग खाल्ला तर तू वळायचं ठरवेपर्यंत गाडी पावणेतीन मीटर पुढे, जुनी मारुती 800 त्याहून साधारण अर्धा मीटरच जास्त लांब होती. आधी हे कर आणि मग शिव्या घाल.

प्रश्न : आमच्या घरी ऊस हाय, वडील हंगामात कारखान्याला ट्रॅक्टर लावत्यात, मागं दोन ट्रॉल्या. मी शेतीचा ट्रॅक्टरवाला गेम खेळतो. परवा वडील मागं उभं राहून बघत होते, मी भरल्या ट्रॉल्या घेऊन चढ चढलो तर ट्रॅक्टर शेळीसारखा टणाटण वर गेला. ते एवढं हसले की चहा सांडला. म्हणाले, पुढची चाकं उचलत न्हाईत हा कसला ट्रॅक्टर. मग रिव्हर्स घेताना ट्रॉल्या वाकड्या झाल्या तेव्हा मात्र म्हणाले, आता बरोबर हाय. (कराड तालुका)

उत्तर : तुझ्या वडिलांना या सदराचं मानद सल्लागार करायला हवं!

पुढची चाकं का उचलतात ते त्यांना माहीतच आहे, तरी बाकीच्यांसाठी सांगतो. ट्रॅक्टर ओढतो मागच्या चाकांनी, ट्रॉलीचं वजन हुकाला मागे खेचतं, चढाला ते खेचणं आणखी वाढतं आणि ट्रॅक्टर मागच्या आसाभोवती मागे फिरायला बघतो. हुक जितका उंच तितका धोका जास्त. म्हणून पुढे वजनं अडकवतात आणि तरीही उसाचा ट्रॅक्टर चढाला पुढची चाकं हलकी करतोच, आणि हलक्या चाकाला स्टेअरिंग लागत नाही. मग तो वळतो कसा तर एका बाजूचा ब्रेक दाबून, मागचे ब्रेक डावे-उजवे वेगळे असतात ना. गेममध्ये हे सगळं खरंखुरं ठेवलं तर स्वित्झर्लंड-जर्मनीतला जो पोरगा आयुष्यात ट्रॅक्टरवर बसला नाही तो पहिल्याच चढाला उलटा पडून गेम परत करेल. म्हणून पकड सढळ हाताने वाटलेली आणि वजनाचा बिंदू खाली. फार्मिंग सिम्युलेटर बनवणारी जायंट्स ही कंपनी झुरिकजवळची, 2008 पासून गेम काढतायत, त्यांच्या डोक्यातलं शेत म्हणजे सपाट जमीन आणि कोरडा गहू. ऊस त्यांच्याकडे आला तो 2017 च्या शेवटी, फार्मिंग सिम्युलेटर 17 च्या प्लॅटिनम आवृत्तीत, आणि तोही दक्षिण अमेरिकेतला नकाशा घेऊन. तिथे ऊस मशीन तोडतं. आपल्याकडची टोळी, मोळ्या, ओल्या फडात रुतलेला ट्रॅक्टर आणि त्याला काढायला आलेला दुसरा ट्रॅक्टर आणि मग तोही रुतला, हे तिथे कुणी बघितलेलं नाही. नोव्हेंबर 2024 च्या फार्मिंग सिम्युलेटर 25 मध्ये चाकांनी जमीन दबते, चाकोऱ्या पडतात, भात आणि म्हैससुद्धा आलीय. रुतणं तरी अजून आपल्यासारखं नाही.

रिव्हर्सचं मात्र वडील म्हणाले तेच. एका ट्रॉलीला उलटं स्टेअरिंग मारावं लागतं, दोन ट्रॉल्यांना उलट्याचं उलटं, आणि दोघींमधला कोन एकदा वाढायला लागला की तो वाढतच जातो, पुढे घेतल्याशिवाय सरळ होत नाही. हे गणित सोपं आहे म्हणून गेमला बरोबर जमतं. पुढची चाकं उचलण्याचं गणितही तसं सोपंच आहे, पण ते मुद्दाम झाकून ठेवलंय. तुला जड गाडीचा अनुभव हवा असेल तर युरो ट्रक सिम्युलेटर 2 बघ, प्राग शहरातल्या कंपनीचा, 2012 चा जुना गेम आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतो. त्यात सेटिंगमध्ये ट्रक आणि ट्रेलरच्या स्थिरतेचे वेगळे स्लायडर आहेत, ते खाली ओढत गेलं की गोल चक्करला ट्रेलर डुलायला लागतो. वडिलांना तोच दाखव, आणि चहा लांब ठेव.

प्रश्न : मोबाइलवरचा गोळीबाराचा गेम खेळताना मी गाडी चालवत असतो, मित्र मागे बसलेला असतो, एक बटण दाबलं की मी ड्रायव्हर सीटवरून थेट मागच्या सीटवर. मधे काहीच नाही, गायब आणि हजर. चालत्या गाडीत! हे कुठल्या जगात होतं? (अकरावी, डोंबिवली)

उत्तर : डोंबिवली लोकलमध्ये होतं, ठाण्याला कुणी उठलं की.

पण गमतीचा भाग सोड, हे आळसाने केलेलं नाही. एका सामन्यात शंभर जण, प्रत्येकाचं नेट वेगळं. सीट बदलायला दोन सेकंदांची हालचाल दाखवली तर त्या दोन सेकंदांत तू नक्की कुठे आहेस, गोळी लागली तर डोक्याला की दाराला, हे सगळ्यांच्या मोबाइलवर एकसारखं दाखवावं लागेल. गाडी शंभरच्या स्पीडने जात असेल आणि पिंग, म्हणजे नेटवरून निरोप जाऊन परत यायला लागणारा वेळ, 80 मिलिसेकंद असेल तर दुसऱ्याला तुझी गाडी जिथे दिसते तिथून ती खरंतर दोन मीटर पुढे असते, त्यात तू अर्धा पुढच्या सीटवर आणि अर्धा मागच्या. नको रे बाबा. म्हणून गायब-हजर. बॅटलफील्ड 1 ने 2016 मध्ये रणगाड्यात शिरण्याची खरी हालचाल घातली होती, तेव्हा बघायला भारी वाटलं आणि गोळीबारात दारावर लटकून मरायला तितकंच वाईट. यात मी पूर्णपणे गायब-हजरच्या बाजूने आहे. समोर माणूस खेळत असताना नट कमी आणि गडी जास्त हवा.

प्रश्न : माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे. रेसिंगचा गेम खेळतो, त्यासाठी वर्षभर पैसे साठवून स्टेअरिंग आणि पेडल घेतले. आता म्हणतो मला ड्रायव्हिंग स्कूलची गरज नाही, मला सगळं येतं, बाबांची गाडी दे. तुमच्यासारखे लोक त्यांना चढवता म्हणून तुम्हालाच विचारते. (नाशिक)

उत्तर : ताई, चढवण्याचा आरोप अर्धा मान्य.

आधी त्याच्या बाजूने बोलतो म्हणजे तो पुढचं वाचेल. स्पेनचा लुकास ऑर्दोनेझ नावाचा मुलगा 2008 मध्ये निसान आणि प्लेस्टेशनच्या जीटी अकॅडमी स्पर्धेत घरच्या गेमवरून निवडला गेला आणि 2011 ला त्याने ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत त्याच्या गटात दुसरा नंबर काढला. तेव्हा गेममधून काहीच येत नाही असं मी म्हणणार नाही. वळणाच्या आधी ब्रेक, नजर गाडीच्या नाकावर नाही तर पुढच्या वळणावर, हे तो नक्की शिकला असेल, आणि ते ड्रायव्हिंग स्कूलमध्ये कुणी सांगत पण नाही. पण ऑर्दोनेझला सुद्धा गेमवरून उठवून थेट शर्यतीत नाही बसवलं, खऱ्या गाडीत ट्रेनिंग दिलं, रेसिंगच्या लायसन्सची तयारी करून घेतली.

आता चिरंजीवांसाठी. त्याच्या टेबलावरचं स्टेअरिंग साधारण 900 अंश फिरत असेल, म्हणजे अडीच फेरे, चांगलं आहे. पण त्या पेडलवर ब्रेक म्हणजे खाली एक स्प्रिंग किंवा रबर, किती जोरात दाबलं की पोट पुढे येतं हे त्याला कधी कळलेलं नाही. क्लच असला तर असला, पण चढावर हाफ क्लचला गाडी धरून ठेवताना जी थरथर लागते ती नाही. आणि मुख्य म्हणजे त्याच्या गेममध्ये सगळ्या गाड्या एकाच दिशेने जातायत! द्वारका सर्कलला संध्याकाळी सहा वाजता एकही गाडी रेसिंग लाइन, म्हणजे वळण वेगाने घ्यायची ठरलेली वाट, पकडत नाही, रिक्षा कुठून येईल हे रिक्षालाच माहीत नसतं आणि गाय तर आपल्या जागी पार्क. बऱ्याच गेममध्ये चुकलं की एक बटण दाबून दहा सेकंद मागे जाता येतं, त्याची बोटांना सवय लागते. माझी लागली होती. मी एकदा पार्किंगमध्ये खांबाला घासल्यावर माझा अंगठा खरंच हलला होता.

कायद्याचं म्हणाल तर कारचं लायसन्स अठरा पूर्ण झाल्याशिवाय नाही, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड आहे, वर गाडीचं रजिस्ट्रेशन बारा महिन्यांसाठी रद्द. म्हणजे गाडी तो चालवणार आणि आत बाबा. हे त्याला जेवताना सांगा, रागावून नको. आणि त्याला म्हणावं अठरा झाल्यावर स्कूलला जाच, पहिल्याच दिवशी सर विचारतील आधी कधी चालवलीयेस का, तेव्हा नाही म्हण. हो म्हटलं की ते क्लचचं काही शिकवत नाहीत.

प्रश्न : गाडी नाही, घोडा आहे. चालतं का या सदरात? माझा घोडा झाडावर आपटतो, मी पडतो, टोपी उडते, घोडा उभा राहून माझ्याकडे बघतो. (अहिल्यानगर)

उत्तर : चालतं की. घोड्याला स्टेअरिंग नसतं हो, तुम्ही वळ म्हणता आणि तो उचललेला पाय टेकवून मग वळतो, म्हणून जंगलात शिरायच्या आधीच वेग कमी करा, झाड दिसल्यावर नाही. आणि टोपी उचलून घ्या, नंतर सापडत नाही.